टाळूचा वास

सँपल फ्लॅटचं दार ढकलून नेत्रा आत शिरली आणि तिला पान्हा फुटला.

बाळंतपणाची रजा संपवून कामावर आल्याचा तो पहिलाच दिवस. बोरजाईत, म्हणजे पुण्याच्या पूर्वेला माळावर नव्यानं उगवलेल्या वसाहतीत, एका बिल्डरकडे ती फ्लॅट विकायचं काम करायची. मागं एक जोडपं उभं होतं, घर बघायला आलेलं. "हा तुमचा हॉल, दोन्ही बाजूंनी हवा," असं तिनं सवयीनं म्हटलं आणि खाली बघितलं. कुर्ता समोरून भिजला होता. ओढणी पसरून घेत ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

त्या रिकाम्या हॉलमध्ये निन्याचा वास येत होता. तिच्या बाळाचा. आणि बाळ तर घरी, आजीच्या मांडीवर.

आता तुम्ही म्हणाल, बाळांचे वास सगळे सारखेच. छे हो! असं फक्त ज्यांनी बाळ नुसतं फोटोत पाहिलंय तेच म्हणू शकतात. निन्याच्या टाळूला खोबरेलाचा वास होता, त्याखाली वेखंडाचा, मग धुरीतला ओवा आणि बाळंतशेपा, आणि सासूबाईंच्या माहेरची रीत म्हणून निखाऱ्यावर टाकलेल्या लसणाच्या सालींचा. आणि या सगळ्याच्या तळाशी ते कोमट, गोडसर काहीतरी, ज्याला कुठल्याच भाषेत शब्द नाही. लसणाच्या सालींसकट तोच वास एसीच्या झडपेतून येत होता.

"अय्या, किती घरच्यासारखं वाटतंय हो इथं," त्या जोडप्यातली बायको म्हणाली आणि नवऱ्याच्या दंडाला धरून उभी राहिली. "हेच घेऊया ना."

नवरा मघाशी भावावरून घासाघीस करत होता, तोही विरघळल्यासारखा नुसता मान हलवायला लागला.

नेत्रा तडक गुंजाळसाहेबांच्या केबिनमध्ये गेली. "सर, सँपल फ्लॅटमध्ये तो वास कसला लावलाय?"

"कमाल आहे ना?" गुंजाळ खूश होऊन म्हणाले. "गेल्या आठवड्यापासून लावलाय. लोक आत गेले की बाहेरच यायला तयार नाहीत. बायका तर डोळे पुसतात, मॅडम!"

"पण आणला कुठून?"

"आणायचंय काय त्यात? नेटवर पडलाय. फुकट आहे."

हे वासाचं प्रकरण जरा नीट सांगायला हवं. माणसाच्या अंगावरून शेकडो जातींचे हलके रेणू सतत हवेत उडत असतात. नाकाला त्यांची गोळाबेरीज कळते, तिला आपण वास म्हणतो. काही जन्मजात आजारांत ही गोळाबेरीज बिघडते, लघवीला काकवीसारखा वास येतो, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. तेवढ्यासाठी घ्राणक निघाला. वाटीएवढं यंत्र, बाळाच्या डोक्यावर क्षणभर धरायचं. आतल्या संवेदकांवर रेणू येऊन बसतात, कुठला किती ते आकड्यांत उतरतं, आणि त्या आकड्यांची एक फाईल होते. डॉक्टर ती तपासतात. यंत्र गुणाचं, बरं का. आजार वेळेत कळून किती तरी बाळं वाचली, त्याला नावं ठेवायचं कारण नाही.

पण वासाचे आकडे करता आले की आकड्यांचा वास करायला कितीसा वेळ लागणार? लगेच दुसरी डबी आली, दरवळ नावाची. तिच्यात बारीक बारीक कुप्या, प्रत्येकीत एक मूळ द्रव्य. प्रिंटर मोजक्या शायांमधून सगळे रंग काढतो, तशी ही डबी फाईल वाचून त्या कुप्यांतलं थेंबथेंब मिसळते आणि हवेत सोडते. मग आजीच्या गोधडीचा वास, वडलांच्या शर्टाचा वास, लोकांनी काय काय म्हणून जपून ठेवलं. इथवर सगळं गोडच होतं.

हॉस्पिटलनं निन्याचीही फाईल दिली होती, पण तिच्यात सॅनिटायझरच फार. म्हणून नेत्रानं घरी घ्राणक भाड्यानं आणला. बाळाची आंघोळ झाली, धुरी झाली, ते गुंडाळलेलं गाठोडं मांडीवर पेंगायला लागलं, आणि बरोबर त्या क्षणी तिनं वाटी टाळूवर धरली. फाईल अशी जमून आली की दरवळ लावल्यावर सासूबाई पाळण्याकडे धावल्या, पोर उठलं म्हणून.

मग आलं बारसं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या, कल्याणी, रॉटरडॅमला. नोकरी नवी, रजा मिळेना. तिनं स्क्रीनवरून "कुर्र" केलं आणि हुंदका दिला. "टाळू हुंगल्याशिवाय कसलं गं बारसं आत्याचं?" सासूबाई हळहळल्या. नेत्राचा नवरा यशोधन म्हणाला, एवढंच ना, आणि त्यानं फाईल 'भोईटे परिवार' ग्रुपवर टाकली. कुलूप न लावता. का, तर मागं एकदा लग्नाच्या फोटोंना पासवर्ड लावला होता, तेव्हा कराडच्या अण्णाकाकांना तो उघडता आला नाही आणि ते सहा महिने रुसून बसले होते. आमच्याकडे माणसं पासवर्डवरूनही रुसतात, काय करणार! अण्णाकाकांनी वास घेतला, गहिवरले, आणि रोज सकाळी सुविचार पाठवतात त्या झाडून सगळ्या ग्रुपांवर, सोसायटीच्या, निवृत्त संघाच्या, योगवर्गाच्या, प्रेमानं पुढं धाडून दिला.

तिथून तो कुठं कुठं गेला ते अण्णाकाकांनाही माहीत नाही.

"अगं, वास तो," घरी गेल्यावर यशोधन म्हणाला. "वास कोणी चोरतं का? आपलं पोर लोकांना आवडतंय, त्यात एवढं चिडायचं काय?"

"माझं दूध आलं, यश. गिऱ्हाइकासमोर. एसीच्या झडपेला बघून दूध आलं मला!"

तो हसला. मग तिचा चेहरा बघून थांबला. पण हसला होता, ते झालंच.

त्यानं फाईल ग्रुपवरून काढली. समुद्रात सांडलेली बाटली सरळ करून ठेवावी, तसं ते काढणं. नेत्रानं नेटवर शोध घेतला तेव्हा त्या फाईलला तिथं नाव पडलेलं होतं, 'बेबी हेड ओरिजिनल', आणि खाली जगभरातल्या लोकांचे अभिप्राय. ती वाचत गेली. एकानं लिहिलं होतं, गाडीत लावा, बायको भांडत नाही. एकीनं लिहिलं होतं, कुत्र्याच्या गादीवर मारते, कुत्रा शांत झोपतो. कुणा खाटिकानं लिहिलं होतं, दुकानात लावल्यापासून बायका नाक मुरडत नाहीत. कुणी त्यात व्हिस्की मिसळून नवीन फाईल केली होती, कुणी तंबाखू. एका महाभागानं तक्रार केली होती की लसणाचा वास येतो, तेवढा काढता आला तर पाच तारे देईन.

तो लसूण तिच्या सासूबाईंनी सोलला होता.

शी! माणसाला काही म्हणून पवित्र नाही. घरात जेवणाच्या टेबलाशी कुणी हात न धुता बसलं तर ओरडणारी माणसं, दुसऱ्याच्या लेकराचा जीव असलेला वास कुत्र्याच्या मुतावर मारतात आणि वर तारे देतात.

तरी इथवर तिनं सोसलं. संताप होता, पण संध्याकाळी घरी आली की निन्याच्या टाळूत नाक खुपसायची आणि दिवसभराचं सगळं धुऊन निघायचं. हा वास माझा, तो बाहेरचा, असं तिनं मनात खणखणीत वेगळं करून ठेवलं होतं. मनाला असलं करता येतं. नाकाला नाही.

बोरजाईच्या खालच्या अंगाला कचरा डेपो आहे. वारा फिरला की अख्खी वसाहत खिडक्या लावून घेते. लोकांनी मोर्चे काढले, तेव्हा ठेकेदारानं कचरा हलवायच्या ऐवजी फवाऱ्याची गाडी आणली. वास मारायला सुवास. आणि सुवास कुठला, तर नेटवरचा, फुकटातला, लोकप्रिय.

त्या संध्याकाळी नेत्रा गॅलरीत बसून निन्याला पाजत होती. वारा फिरला. आधी कुजक्या भाज्यांची, सडलेल्या मासळीची, डायपरांची ती भपकाऱ्याची लाट आली, नेहमीची. आणि तिच्या आत, तिच्यात कालवल्यासारखा, खोबरेल, वेखंड, ओवा, लसणाची साल, आणि तळाशी ते कोमट गोडसर. मेलेल्या उंदराच्या पोटातून तिचं बाळ तिच्याकडे बघत होतं. तिला उठायलासुद्धा वेळ मिळाला नाही. बाळ अंगावर असतानाच ती बाजूला वाकली आणि भडभडून ओकली.

डेपोची गाडी रोज यायची. आठवड्याभरात अशी वेळ आली की वारा नसला, खिडक्या बंद असल्या, तरी निन्याला उचललं की तिच्या पोटात ढवळून यायचं.

"याला कंडिशनिंग म्हणतात," डॉक्टर सामंतबाई म्हणाल्या. त्या मेंदूच्या डॉक्टर, बोलायला सरळ. "शिळं खाऊन एकदा ओकारी झाली की तो पदार्थ माणूस वर्षानुवर्षं खाऊ शकत नाही. तो ताजा आहे असं कितीही सांगा. वासाची वाट मेंदूत थेट जुन्या भागात जाते, विचार करणाऱ्या भागाला विचारत बसत नाही. एरवी नवजात बाळाच्या वासानं आईच्या मेंदूत जिथं आनंद होतो, तिथंच तुमच्या मेंदूनं आता 'विष' अशी पाटी लावलीय."

"ती पाटी काढायची कशी?"

"आधी तो घाणेरडा मेळ थांबायला हवा. रोज पुन्हा शिकवणी होत असेल तर मी काय करणार?" मग त्या म्हणाल्या, "आणि बाळाचा हा वास काही कायम राहत नाही, नेत्रा. मूल मोठं होतं तसा तो विरत जातो. तुमच्याकडे फार वेळ नाही."

हे शेवटचं वाक्य नेत्राच्या डोक्यात घण घालायला लागलं. तो विरायच्या आत तिला तो परत हवा होता. बाकी काही नको. गुंजाळांनी माफी नको मागायला, अण्णाकाकांनी नको, कुणाला तुरुंगात नको घालायला. तिला फक्त आपल्या पोराची टाळू किळस न येता एकदा हुंगायची होती.

ती मास्क लावून निन्याला पाजायला लागली. पोर दूध पिता पिता हात वर करायचं आणि मास्क ओढायचं. त्याला आईचं तोंड हवं असायचं. ती त्याचा हात बाजूला करायची. पुन्हा यायचा तो हात. मग एक दिवस तिनं बाटली धरली आणि बाळ सासूबाईंकडे दिलं.

"पोटच्या पोराची शिसारी येते म्हणे!" सासूबाई भांड्यांशी बोलल्यासारखं बोलल्या, पण ऐकू जाईल असं. "आम्ही काय काय घाणीत पोरं वाढवली. गोठ्यात पाजलंय मी याच्या बापाला. ही नवीनच नाटकं."

"आई, मी मुद्दाम करतेय का?"

"मी कुठं म्हटलं मुद्दाम!" असं म्हणाल्या खऱ्या, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनीच धुरी बंद केली. खोबरेल बदलून तिळाचं तेल आणलं, वेखंड उचलून ठेवलं, बाळाला परदेशी साबणानं न्हाऊ घातलं. काही उपयोग झाला नाही. वरचे वास गेले, तळाचा तो कोमट गोडसर राहिला, आणि पोट ढवळायला तेवढाच पुरे होता.

यशोधन मात्र मधल्यामधे. ऑफिसातून येताना लिफ्टमध्ये, कॅबमध्ये, सलूनमध्ये त्यालाही तो वास भेटायचा, पण त्याला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. "मला तर आता येतच नाही तो," असं तो एकदा म्हणाला. नेत्राला वाटलं, ह्याच्या थोबाडीत मारावी.

वकील तिनं स्वतः शोधली. ॲडव्होकेट शबाना बागवान, सोलापूरच्या, जिभेवर धार असलेल्या. सगळं ऐकून घेऊन त्यांनी चष्मा काढला.

"कॉपीराइट म्हणालात ना तुम्ही फोनवर? विसरा. कॉपीराइट कृतीला मिळतो. कुणीतरी रचलेली हवी. पुस्तक, गाणं, चित्र, सिनेमा. वासाचं नाव आपल्या कायद्यात नाही. आणि हा वास रचला कुणी?"

"मी जन्म दिला त्याला!"

"जन्म देणं म्हणजे लेखन नव्हे, असं कोर्ट म्हणणार. यंत्रानं नुसतं मोजलं, निसर्गानं नुसतं बनवलं. म्हणजे कर्ता कुणीच नाही, म्हणजे मालक कुणीच नाही, म्हणजे सगळेच मालक. आणि घटकाभर धरून चला की इथं मिळाला हक्क. पुढं काय? ती साइट चालवणारी कंपनी एका बेटावर नोंदलेली, सर्व्हर दुसऱ्या देशात, मालक तिसऱ्या देशात मजेत राहतो. देशादेशांत करार आहेत, नाही असं नाही, पण ते पुस्तकं-गाण्यांचे. वास कुठल्याच करारात बसत नाही. एका देशात तो ट्रेडमार्क, दुसऱ्यात रसायन, तिसऱ्यात काहीच नाही."

"मग ती फाईल जिथं आहे तिथून तरी काढायला लावा."

"ती कुठंच नाही हो. तीच तर गंमत. फाईलचे तुकडे करून लाखो लोकांच्या संगणकांवर विखुरलेत. पोतं फोडून घराघरात एकेक दाणा टाकलाय. ज्याला हवं त्याच्याकडे सगळे दाणे आपोआप गोळा होतात. आता कुणाला धरू? एका दाण्याला कोण चोरी म्हणेल?"

नेत्राला रडू फुटलं नाही, तिला नुसती मळमळ झाली. हल्ली सगळ्याला मळमळच व्हायची.

"पण एक वाट आहे," बागवान म्हणाल्या. "वास ही कृती नसेल, पण तुमचा निनाद हा माणूस आहे. त्याच्या शरीराची माहिती त्याच्या परवानगीशिवाय वापरली, या मुद्द्यावर जाऊ. मिळेल हुकूम. फक्त तो आपल्या सरहद्दीच्या आतच चालेल. पलीकडे जग जसं आहे तसंच राहणार."

"चालेल. माझं नाक सरहद्दीच्या आतच आहे."

खटला चालला तसा चालला. समोरच्या बाजूला ठेकेदार होता, बिल्डर होता, दरवळवाल्या कंपनीचे कोटातले दोन वकील होते. त्यांनी हसत हसत विचारलं, आईनंच भाड्यानं यंत्र आणून वास टिपला ना? कुटुंबानंच बिनकुलपाचा वाटला ना? त्यांच्या घरात अजून प्रत आहे ना? मग आमच्या अशिलांनीच काय घोडं मारलंय? एकानं तर कोर्टात डबी काढून विचारलं, महाराज, पुरावा म्हणून हुंगून बघता का? कोर्टात हशा पिकला. नेत्रा उठून बाहेर गेली आणि जिन्यापाशी उलटीची उबळ गिळत उभी राहिली.

शेवटी न्यायाधीशांनी म्हटलं ते रास्तच होतं. देशातली प्रत्येक प्रत नष्ट करायची तर सुरुवात अर्जदारापासून. कुटुंबाकडे, हॉस्पिटलकडे, नातेवाइकांकडे जे जे आहे ते पुसा, तसं प्रतिज्ञापत्र द्या, मग बाकीच्यांना हुकूम.

"घाई करू नका," बागवान कधी नव्हे ते मऊ आवाजात म्हणाल्या. "एकदा पुसलं की गेलं. तारीख वाढवून घेऊ का? विचार करायला?"

"वेळ कुठाय माझ्याकडे? आणि विचार कसला? घाण आहे ती. पुसा."

घरी यशोधननं तिचा हात धरला. "एक ठेवूया, नेत्रा. एकच. कुणाला कळणारे? मी ठेवतो कुठंतरी."

"ठेवलीस तर मी या घरात राहणार नाही."

"अगं, आपल्या पोराचा वास आहे तो!"

"आपल्या पोराचा राहिलाय का तो? कुत्र्याच्या गादीचा आहे, खाटकाच्या दुकानाचा आहे. आण तो फोन इकडे."

तिनं स्वतः पुसली. मग कल्याणीला फोन लावला. रॉटरडॅमला आपला हुकूम लागू नव्हता, तिनं नाही म्हटलं असतं तर कुणी काही करू शकलं नसतं. कल्याणी रडली, वहिनी, मी रोज झोपताना लावते गं, म्हणाली. नेत्रा म्हणाली, रोज झोपताना माझ्या पोराला तू रॉटरडॅमला हुंगतेस आणि मला इथं हुंगता येत नाही, हे बरं दिसतं का? तिनंही पुसली. आपल्या हट्टानं नेत्रानं कायद्याच्या पलीकडची प्रतही संपवली, आणि तिला त्याचं समाधान वाटलं.

हुकूम निघाला. आणि सांगायचं म्हणजे पाळलाही गेला. गुंजाळांनी सँपल फ्लॅटमध्ये कॉफीचा वास लावला. कॅबवाल्यांनी मोगरा लावला. डेपोची फवाऱ्याची गाडी बंद झाली आणि बोरजाईवर पुन्हा निव्वळ कचऱ्याची दुर्गंधी पसरली. लोकांनी कोर्टाला शिव्या घातल्या. नेत्रा मात्र गॅलरीत उभी राहून ती सडकी, कुजकी, प्रामाणिक घाण छाती भरून ओढून घेत होती. नुसता कचरा! त्यात दुसरं काही नव्हतं. तिला इतकं बरं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

सामंतबाईंनी सांगितलं होतं, घाई नको, पोटाला विसरायला वेळ द्या. तिनं दिला. मग एका सकाळी ती निन्याजवळ बसली. तो आता पाळण्यातला राहिला नव्हता, कपाटाला धरून उभा राहत होता, पुढचे दात आले होते, हातात चपातीचा चोथा. तिनं मास्क काढला. पोर तिच्या उघड्या तोंडाकडे बघत राहिलं. तिनं त्याला उचललं, डोळे मिटले आणि त्याच्या टाळूत नाक खुपसलं.

पोट ढवळलं नाही.

वरणभाताचा वास आला. लाळेचा, घामाचा, उन्हात वाळलेल्या झबल्याचा. चांगला वास होता, कुणाच्याही धडधाकट पोराला येतो तसा. तिनं पुन्हा हुंगलं, कानामागं हुंगलं, मानेच्या वळीत हुंगलं. पोराला गुदगुल्या झाल्या, ते खिदळायला लागलं.

"आई," तिनं सासूबाईंना हाक मारली. "आई, ह्याचा वास कुठाय?"

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. हात पदराला पुसत राहिल्या बराच वेळ.

"गेला गं तो. टाळू भरत आली की जातो."

"कधी गेला?"

"कधीच गेला. तुझं ते कोर्ट चाललं होतं तेव्हा."

"मला सांगायचं नाही का तुम्ही?"

"काय सांगणार? तू जवळ येत होतीस का त्याच्या?" सासूबाईंचा आवाज चिरकला. "मी घेतला बाई रोज. तुझ्या वाटचाही मीच घेतला. वाया जाऊ नये म्हणून."

नेत्रा त्यांच्याकडे बघत राहिली. निन्यानं चपातीचा चोथा तिच्या तोंडात कोंबला आणि ती तो चावत बसली.

त्यानंतर त्या घरात या विषयावर कुणी बोललं नाही. निन्याचा निनाद झाला, शाळेत जायला लागला, भांडायला लागला, गोष्टी सांगायला लागला. आई म्हणून नेत्रानं कुठं कमी केलं नाही. यशोधनशी तिचं बरं चाललं होतं. फक्त कुणाच्या घरी पाळणा असला की ती बारशाला जायची नाही, आहेर पाठवून द्यायची.

मग कल्याणीचं लग्न ठरलं, तिकडेच, रॉटरडॅमला, आणि सगळे निघाले. मधे एका परक्या देशाच्या विमानतळावर दुसऱ्या विमानासाठी थांबायचं होतं. निनाद आणि यशोधन खाऊच्या रांगेत उभे राहिले. सासूबाई खुर्चीत पेंगल्या. नेत्रा बायकांच्या स्वच्छतागृहाकडे गेली.

ते स्वच्छतागृह कसलं, उकिरडा होता. फरशी ओली, कुठल्याशा विमानातून उतरलेल्या गर्दीनं सगळं तुंबवून ठेवलेलं. ती साडी वर धरून आत गेली, दार लावलं, आणि भिंतीवरच्या डबीनं फस्‌ केलं.

खोबरेल. वेखंड. ओवा. लसणाची साल.

सरहद्दीच्या या बाजूला हुकूम नव्हता. इथं तो तसाच होता, कुणाचाही नसलेला, मुताच्या दर्पात कालवलेला. तिच्या पोटानं ओळखलं, तिच्याआधी ओळखलं, आणि ती भांड्यावर वाकून ओकली. घशात जळजळलं, डोळ्यांतून पाणी आलं. तिनं तोंड पुसलं. दाराची कडी तिच्या हाताशी होती, बाहेर मोकळी हवा होती.

तिनं कडी सोडली, डबीजवळ तोंड नेलं आणि खालचं बटण दाबलं.

आणि तो आला, सगळ्याच्या तळाशी असलेला, कोमट, गोडसर. पुन्हा उमळून आलं. पोटात काही उरलं नव्हतं, नुसतं कडू पाणी. ती भिंतीला टेकून धापा टाकत उभी राहिली. स्वतःचीच इतकी किळस तिला आयुष्यात कधी आली नव्हती.

"आई!" बाहेरून निनादची हाक आली. "चल ना लवकर! बाबा म्हणतायत विमान जाईल! झालं का तुझं?"

"आले रे राजा," ती म्हणाली. "झालंच."

आणि तिनं पुन्हा बटण दाबलं.